दिंडोरीच्या आभाळातला रामशेज

दिंडोरी तालुक्यात गगनचुंबी इमारत एकही नाही. गावातल्या चार-पाच मजली इमारती, देवळांचे कळस, पाण्याच्या टाक्या आणि मोबाइलचे मनोरे, एवढ्यावर इथली माणसाने बांधलेली उंची संपते. पण शहरातल्या माणसाला एखाद्या उंच इमारतीकडून जे मिळते, ते या तालुक्याला शेकडो वर्षे मिळत आले आहे. दुरून ओळखू येणारी खूण, वाट सांगणारा आधार, ‘हे आमचे’ म्हणायला एक ठिकाण आणि पाहुण्याला सांगायला एक गोष्ट. हे सगळे देतो तो रामशेज.

नाशिकच्या उत्तरेला, पेठकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, आशेवाडी गावाच्या डोक्यावर हा किल्ला उभा आहे. नाशिकपासून अंतर जेमतेम चौदा-पंधरा किलोमीटर, तालुका मात्र दिंडोरी. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे 3,200 फूट. नाशिक जिल्ह्याच्या मानाने ही उंची काहीच नाही. बागलाणातला साल्हेर 1,567 मीटर, म्हणजे पाच हजार फुटांच्याही वर. त्याच्यापुढे रामशेज बुटकाच. आशेवाडीतून चढायला लागलात तर अर्ध्या-पाऊण तासात माथा गाठता. नाशिकचे शाळकरी पोर आपला पहिला किल्ला म्हणून बहुधा हाच चढते.

तरीही तो नजरेत भरतो, कारण तो एकटा आहे. दिंडोरीच्या उत्तरेला सातमाळ्याची रांग आहे. अचला, अहिवंत, सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप असे एकाहून एक उंच डोंगर तिथे खांद्याला खांदा लावून उभे आहेत. त्यातला एकेक ओळखायला सरावाची नजर लागते. रामशेजला ती लागत नाही. सपाटीतल्या शेतांमधून तो सुटा वर आला आहे आणि त्याच्या माथ्याखाली कातळाचा कडा पट्ट्यासारखा फिरला आहे. जवळचा भोरगड आणि देहेर सोडले तर त्याच्याशी स्पर्धा करायला आसपास कोणी नाही.

केविन लिंच या अमेरिकी नगररचनाकाराने 1960 साली ‘द इमेज ऑफ द सिटी’ हे पुस्तक लिहिले. बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या तीन शहरांतल्या लोकांना त्याने आपापल्या शहराचे चित्र मनातून उतरवायला सांगितले. लोकांच्या मनातले शहर पाच गोष्टींनी बनते, असे त्याने त्यातून मांडले: वाटा, कडा, वस्त्या, चौक आणि खुणा. खूण कशाला म्हणावे, याचे त्याचे उत्तर मला फार मोलाचे वाटते. नुसत्या उंचीने खूण बनत नाही. भोवतालच्या गोष्टींहून ती वेगळी उठून दिसली पाहिजे आणि बऱ्याच ठिकाणांहून दिसली पाहिजे. शंभर उंच इमारतींच्या गर्दीतली एकशे एकावी इमारत कोणाच्या ध्यानात राहत नाही. बैठ्या घरांमधला एकच मनोरा मात्र साऱ्या गावाचा पत्ता होतो. ही कसोटी रामशेजला लावली, तर तीन हजारांवर थोडी उंची असलेला हा डोंगर तालुक्याची सर्वांत ठळक खूण का ठरतो, ते कळते.

आता ही खूण इथे आली कुठून? दख्खनचा सगळा कातळ लाव्हाचा आहे, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरून जातो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून तप्त शिलारस बाहेर आला, पसरला आणि निवला. मग काही काळाने दुसरा आला, त्यावर तिसरा. आज पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भूभागावर हा बसाल्ट आढळतो. हे थर भाकऱ्यांच्या चळतीसारखे एकावर एक पडले, पण सगळे सारखे निघाले नाहीत. काही थर घट्ट आणि कठीण झाले. काहींमध्ये वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत पांढरी खनिजे भरली, आणि ते ठिसूळ राहिले. दोन थरांच्या मधे कुठे लाल मातीची पट्टी दिसते. एक लाव्हा निवल्यानंतर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात झिजलेल्या खडकाची ती माती.

मग पावसाने आणि नद्यांनी आपले काम सुरू केले. मऊ थर लवकर झिजला, कठीण थर मागे राहिला. मऊ थर जिथे झिजतो तिथे उतार तयार होतो, कठीण थर जिथे तुटतो तिथे उभा कडा. म्हणूनच आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात: उतार, कडा, पुन्हा उतार, पुन्हा कडा आणि वर सपाट माथा. रामशेजच्या आजूबाजूची जमीन झिजून खाली गेली आणि हा तुकडा उरला. म्हणजे हा डोंगर कोणी उभारला नाही, तो शिल्लक राहिला आहे. किल्ला बांधणाऱ्याला त्यामुळे अर्धी तटबंदी फुकट मिळाली. जिथे कडा आहे तिथे भिंत लागत नाही. जिथे तो फुटला आहे किंवा उतरला आहे, तेवढ्याच जागी दगड रचायचा.

पाण्याचेही तसेच. माथ्यावर पडलेला पाऊस कातळातल्या फटींमधून मुरतो आणि खाली न झिरपणारा थर लागला की अडतो. हे ओळखून कारागिरांनी कातळात टाकी कोरली. टाके खोदताना निघालेला दगड तटाला आणि वाड्यांना वापरायचा, ही सह्याद्रीतल्या किल्ल्यांची जुनी रीत. एका कष्टात दोन कामे. रामशेजच्या वाटेवर गुहेत रामाचे मंदिर आहे, त्याच्या जवळच पाण्याचे टाके आहे. माथ्यावर आणखी टाकी आहेत, देवीचे मंदिर आहे आणि कड्यातून खाली उतरणारा चोरदरवाजा आहे. वनवासात राम पंचवटीला राहिला आणि या डोंगरावर त्याने विश्रांती घेतली, अशी इथल्या लोकांची श्रद्धा. किल्ल्याचे नाव त्यातूनच आले असे सांगतात. पंचवटीतल्या माणसाला उत्तरेकडे पाहिले की हा डोंगर दिसतो, त्यामुळे ही कथा इथे रुजणे स्वाभाविक आहे.

इतिहासात रामशेजचे नाव झाले ते त्याच्या बुटकेपणामुळेच. 1681 च्या अखेरीस औरंगजेब बुऱ्हाणपुरात आला आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये औरंगाबादेत. मराठ्यांचे राज्य बुडवायचे तर किल्ले घ्यावे लागणार होते, आणि सुरुवात सोप्या किल्ल्यापासून करावी हा साधा हिशेब होता. नाशिकजवळ, मोकळ्या मैदानाला लागून, फारसा उंच नसलेला रामशेज त्यासाठी निवडला गेला. शहाबुद्दीनखान फौज घेऊन आला. हाच पुढे गाजीउद्दीन फिरोजजंग म्हणून ओळखला गेला आणि हैदराबादच्या पहिल्या निजामाचा हा बाप. फौज हजारोंची होती, तोफखाना होता, रसद होती. किल्ल्यात माणसे सुमारे सहाशे.

हा किल्ला काही दिवसांत पडायचा होता. तो पाच वर्षे पडला नाही.

कसा पडला नाही, हे समजून घ्यायचे तर त्या काळच्या तोफेकडे पाहावे लागते. तोफेची ताकद गोळा सरळ समोर मारण्यात असते. तोफेचे तोंड फार वर करता येत नसे. वर मारलेला गोळा चढता चढता जोर गमावतो, आणि पोहोचलाच तर कोणाच्या अंगावर? मैदानी किल्ल्याची चुनेगच्ची भिंत असती तर ती फुटली असती. इथे समोर होता कातळाचा कडा. सुरुंग लावायचा तर तोही कातळातच. मोर्चे बांधून पुढे सरकायचे तर वरून दगड आणि पेटते बोळे येत होते. डोंगर बुटका होता, पण चारही बाजूंनी मोकळा होता. खालच्या माणसाला लपायला आडोसा नव्हता.

म्हणून शहाबुद्दीनखानाने ठरवले की आपणही उंच व्हायचे. त्याने लाकडाचा दमदमा उभारला. दमदमा म्हणजे वेढा घालणाऱ्यांनी तटाच्या उंचीशी बरोबरी करण्यासाठी रचलेला मनोरा किंवा मोर्चा, ज्यावर तोफा आणि बंदूकधारी चढवून थेट किल्ल्याच्या आत मारा करता यावा. रामशेजसमोर उभा राहिलेला दमदमा इतका मोठा होता की त्यावर पाचशे माणसे मावत, असे सांगतात. दिंडोरी तालुक्यात माणसाने उभारलेल्या आजवरच्या सर्वांत धाडसी उंच बांधकामांत मी त्याची गणना करीन. केवढे जंगल त्यासाठी तुटले असेल! पेठ-सुरगाण्याकडचा मुलूख आजही वनाचा म्हणून ओळखला जातो. त्या काळी ते रान नाशिकच्या किती जवळ असेल, याची कल्पना करता येते.

वरच्या लोकांकडे तर लोखंडी तोफाही पुरेशा नव्हत्या. त्यांनी लाकडाचे ओंडके पोखरले, त्यांवर कातडे आवळून गुंडाळले आणि त्याच तोफा केल्या. खाफीखान हा मुघलांच्या बाजूचा इतिहासकार. त्याला मराठ्यांचे कौतुक करण्याचे काही कारण नव्हते. तरी त्याने या लाकडी तोफांची नोंद करून ठेवली आणि त्यांनी खऱ्या तोफांच्या तोडीचे काम केले असे लिहिले. तंत्रदृष्ट्या हे अशक्य नाही. लाकडी नळी फार दारू सोसत नाही, थोडे बार काढून ती फुटते. पण खाली उतारावर दाटीने उभ्या असलेल्या फौजेवर दगडगोटे उडवायचे, तर लांब पल्ला लागतच नाही. उंचीने अर्धे काम केलेले असते.

शहाबुद्दीनखानाला यश येईना, तेव्हा बहादूरखान कोकलताश आला. त्याने एक डाव रचला. एका बाजूला मोठा गाजावाजा करून हल्ल्याचे सोंग आणायचे आणि दुसऱ्या बाजूने निवडक दोनशे माणसे दोरांनी गुपचूप कडा चढवायची. डाव चांगला होता, पण किल्लेदाराला त्याचा सुगावा लागला. त्याने गाजावाजाच्या बाजूला थोडी माणसे ठेवून त्यांना नगारे वाजवायला आणि ओरडायला लावले, आणि बाकीची शांत बाजूला दबा धरून बसवली. चढणारे वर पोहोचले ते थेट त्यांच्या हातात. मग खानाच्या छावणीत एक मांत्रिक आला. शंभर तोळे सोन्याचा साप करून द्या, तो हातात धरून मी फौज दरवाजापर्यंत नेतो, असे त्याने सांगितले. साप घडवला गेला. मांत्रिक पुढे, फौज मागे. निम्मी चढण झाली नाही तोच वरून गोफणीचा धोंडा येऊन त्याच्या छातीवर बसला. अखेर बहादूरखानाने दमदम्याला आग लावली आणि तो निघून गेला. तटावरून मराठ्यांनी नगारे वाजवून त्याला निरोप दिला. त्यानंतर आलेल्या कासिमखानालाही काही साधले नाही.

गोफण हे राखणदाराचे हत्यार. ज्वारी-बाजरीच्या पिकावर पाखरे उतरली की माळ्यावरून तिने दगड फेकायचा. रामशेजच्या सहाशे माणसांत तलवारीचे सरदार किती असतील आणि आसपासच्या गावांतले, डोंगरांतले, गोफण चालवणारे किती? मला वाटते, दुसरेच जास्त असणार. म्हणून या किल्ल्याचा अभिमान आशेवाडीच्या माणसाला सहज आपला वाटतो. त्यात राजवाड्याची श्रीमंती नाही. त्याच्या आजोबा-पणजोबांच्या हातात असलेल्या वस्तूंनी तो लढवला गेला.

किल्ला एकटाही नव्हता. संभाजी महाराजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांच्यासारखे सरदार वेढ्याच्या बाहेरून मुघलांवर सोडले. वेढा घालणारा स्वतःच मागून वेढला जात होता, त्यामुळे रसद अधूनमधून वर जात राहिली. नुसत्या उंचीवर पाच वर्षे निघत नाहीत. बाहेर जागे असलेले राज्य लागते. पहिल्या वेढ्यांत लढलेल्या किल्लेदाराचे नाव म्हणून लोक सूर्याजी जेधे हे नाव घेतात. त्याच्या शौर्याबद्दल महाराजांनी त्याचा सन्मान केला आणि त्याला दुसरीकडे नेमले, अशी कथा इथे सांगितली जाते. नंतरच्या किल्लेदाराच्या काळात, 1687 मध्ये, रामशेज मुघलांच्या हाती गेला, तोही लढाईने नव्हे तर पैशाने. तोफ, सुरुंग, दमदमा आणि मंत्र यांना जे जमले नाही, ते थैलीला जमले.

त्याच्याही आधी या भागाने मोठी लढाई पाहिली होती. सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज परत येत असताना 17 ऑक्टोबर 1670 रोजी मुघल सरदार दाऊदखान कुरेशीशी त्यांची गाठ पडली ती वणी-दिंडोरीच्याच मुलखात. ती उघड्या मैदानातली लढाई, आणि महाराजांनी ती जिंकली. पुढे मराठेशाहीच्या शेवटी, 1818 च्या एप्रिलमध्ये त्र्यंबकगड इंग्रजांच्या हाती पडला आणि नाशिकचे बाकीचे किल्ले पाठोपाठ शरण गेले. रामशेजही त्यांतला. त्यानंतर त्याच्यावर शिबंदी राहिली नाही. उरला तो डोंगर.

आज या डोंगराकडे पाहणारा तालुका वेगळा आहे. करंजवण, वाघाड, पालखेड, ओझरखेड, तिसगाव, पुणेगाव अशा धरणांमुळे दिंडोरीत पाणी खेळले, द्राक्षबागा उभ्या राहिल्या, टोमॅटो आला, पॉलिहाउसमधली फुले आली. मोहाडीला सह्याद्री फार्म्सच्या रूपाने शेतकऱ्यांची मोठी कंपनी उभी राहिली. नाशिक विमानतळाचे टर्मिनल जानोरीच्या शिवारात आहे, ते 2014 मध्ये झाले. सुगी, बाजार, लग्न, नोकरी यांसाठी नाशिकला रोज ये-जा करणारी हजारो माणसे दिंडोरी रस्त्याने किंवा पेठ रस्त्याने जातात. त्या सगळ्यांच्या नजरेला हा डोंगर पडतो. घरी आलो किंवा घर सोडले, हे त्याच्यावरून समजते. पावसाळ्यात ढग खाली उतरून त्याचा माथा झाकतात, तेव्हा बागाईतदाराचा हात फवारणीच्या पंपाकडे जातो, कारण ओलसर हवेत द्राक्षावर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो हे त्याला ठाऊक असते. नवरात्रात आणि चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणारे भक्त दिंडोरीहून वणीच्या वाटेला लागतात, तेव्हा रामशेज त्यांच्या पाठीशी असतो आणि समोर सातमाळा.

शहरातली उंच इमारत हे काम करते का? मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण पाहा. लोअर परळमध्ये श्रीनिवास मिलच्या जमिनीवर आज वर्ल्ड वन ही निवासी इमारत आहे, उंची 280 मीटर. एकेकाळी त्या भागाच्या खुणा म्हणजे गिरण्यांच्या चिमण्या आणि वेळ सांगणारा भोंगा. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप कधी मिटलाच नाही, गिरण्या मात्र मिटल्या. चिमण्यांच्या जागी मनोरे आले. चिमणीखाली काम करणाऱ्याला ती आपली वाटे, कारण तिचा धूर त्याच्या चुलीशी जोडलेला होता. मनोऱ्यात त्याला जागा नाही. चाळीच्या गॅलरीतून तो रोज दिसतो, पत्ता सांगायला उपयोगी पडतो, आणि तरीही आपला होत नाही. उंच वस्तू लोकांची व्हायला लोकांचा तिच्याशी काही संबंध लागतो: तिच्यावर जाता आले पाहिजे, तिच्या गोष्टीत आपली माणसे असली पाहिजेत.

पॅरिसमध्ये 1973 साली 210 मीटर उंचीचा माँपार्नास मनोरा झाला. तो शहराला इतका खटकला की चारच वर्षांनी मध्यवर्ती पॅरिसमधल्या नव्या इमारतींना 37 मीटरची मर्यादा घालण्यात आली. पुढे ती सैल झाली आणि 2023 मध्ये पुन्हा आणली गेली. लंडनने त्याहून बारकाईने विचार केला आहे. सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट ही त्या शहराची जुनी खूण. तिच्याभोवतीच्या इमारतींच्या उंचीवर 1930 च्या दशकापासून बंधने आहेत. रिचमंड पार्कमधल्या एका टेकाडावरून, सोळा किलोमीटर लांबून, झाडीतल्या एका फटीतून तो घुमट दिसतो. ती नजरेची रेघसुद्धा कायद्याने राखून ठेवली आहे. एक गाव आपल्या खुणेला किती मोल देते, हे मला या सोळा किलोमीटरच्या रेघेत दिसते.

आपल्याकडे उंचीवर मर्यादा आहेत, पण त्या दुसऱ्या कारणांसाठी. विमानतळाच्या धावपट्टीभोवती साधारण चार किलोमीटरपर्यंत बांधकामाची उंची 45 मीटरच्या पातळीत ठेवावी लागते, धावपट्टीच्या टोकांना त्याहून कमी. पुढे ही मर्यादा हळूहळू चढत जाते. वर्ल्ड वन मुळात 442 मीटर करायची होती. ती छाटली गेली ती विमानांच्या वाटेमुळे. नाशिक विमानतळाच्या, म्हणजे ओझरच्या धावपट्टीमुळे जानोरीच्या परिसरालाही अशी मर्यादा आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत एकास पाचपेक्षा तीव्र उताराच्या जमिनीवर बांधकामाला मनाई आहे, म्हणजे डोंगराच्या अंगाला काही संरक्षण मिळते. पण डोंगर आणि तो पाहणारा माणूस यांच्या मधल्या जागेचे काय? त्या नियमावलीने उंच इमारतींना मोकळी वाटही करून दिली आहे आणि नाशिक उत्तरेकडे पसरते आहे. म्हसरूळ, मखमलाबाद या एकेकाळच्या गावांची उपनगरे झाली. पेठ रस्ता आणि दिंडोरी रस्ता यांच्या कडेला प्लॉटिंगच्या पाट्या लागल्या आहेत. डोंगराला कोणी हात न लावताही तो दिसेनासा होऊ शकतो. रस्त्याच्या कडेला चौदा मजल्यांची रांग उभी राहिली की मागचा रामशेज गेला. एकदा गेलेली ही रेघ परत मिळत नाही, कारण माणसे राहत असलेल्या इमारती कोणी पाडत नाही.

मला घरे नकोत असे नाही. नाशिकला येणाऱ्या माणसाला घर लागणार आणि दिंडोरीच्या शेतकऱ्यालाही आपल्या जमिनीचा मोबदला मिळाला पाहिजे. प्रश्न फक्त इमारत कुठे आणि किती उंच, एवढाच आहे, आणि तो नकाशावर वेळेत सोडवता येतो. शेजारच्या भोरगडाचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. उजाड झालेल्या त्या डोंगरावर नाशिकच्या नेचर कॉन्झर्वेशन सोसायटीने गावकरी आणि वनखात्याला बरोबर घेऊन वर्षानुवर्षे झाडे लावली, जगवली. 2008 मध्ये भोरगड महाराष्ट्रातले पहिले संवर्धन राखीव क्षेत्र झाला. रामशेजवर शिवकार्य गडकोट संवर्धन संस्थेसारख्या नाशिकच्या संस्थांनी श्रमदानाच्या मोहिमा घेतल्या आहेत. साल्हेरसह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना 2025 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. रामशेज त्या यादीत नाही, आणि त्यासाठी त्याने थांबायचेही कारण नाही. जे राखायचे ते तालुक्याला स्वतःच राखता येईल.

कायद्यात त्याला जागा आहे. मुंबईने 1995 मध्ये वारसा नियम केले, तेव्हा इमारतींबरोबर निसर्गसौंदर्याची ठिकाणेही यादीत घेता येतील अशी सोय केली. दिंडोरी तालुक्याचा काही भाग नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहे. अशा प्राधिकरणाचा आराखडा तयार होताना लोकांकडून सूचना आणि हरकती मागवल्या जातात. त्या नोटिशीची जाहिरात बहुतेक गावांत कोणी वाचत नाही आणि मुदत निघून जाते. दिंडोरी आणि पेठ या दोन्ही रस्त्यांवरून रामशेज जिथे जिथे दिसतो, त्या जागा नकाशावर मांडाव्यात, तिथल्या बांधकामाची उंची ठरवावी आणि गडाच्या पायथ्याला खाणपट्टा देऊ नये, अशा मागण्यांना फार मोठा खर्च लागत नाही. लागते ते आशेवाडीपासून दिंडोरीपर्यंतच्या गावांनी एकत्र येणे.

तेव्हा माझी विनंती आशेवाडी आणि आसपासच्या गावांच्या सरपंचांना, शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि तरुण मंडळांना आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. आपल्या शिवारातून रामशेज कुठून कुठून दिसतो, त्याचे फोटो जागेच्या नोंदीसह मुलांकडून काढून घ्या आणि ठरावाला जोडा. आराखड्याची नोटीस निघेल तेव्हा हा कागद तयार असला पाहिजे.